समुद्रफुलं आणि प्रवाळ यांतून डीएनए-आरएनए काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मॅडम, डीएनएचा गोळा विरघळतच नाहीये, काय करू?" असा संदेश फोटोसकट रात्री अकराला येतो. बहुतेक वेळा खरी चूक चार दिवस आधी, खडकावर उभं असतानाच झालेली असते. म्हणून इथली उत्तरं किनाऱ्यापासून सुरू केली आहेत. 'समुद्रफूल' म्हणजे सी ॲनिमोनी. 'शैवाल' हा शब्द जिथे नुसता येईल तिथे ऊतींच्या आत राहणारं सूक्ष्म सहजीवी शैवाल, म्हणजे झूझँथेली, समजावं.

१. माशाच्या पराच्या तुकड्यातून किटने दोन तासांत स्वच्छ डीएनए निघतो. समुद्रफुलातून का निघत नाही?

निघतो, पण त्याच्यासोबत आणखी चार गोष्टी निघतात. पहिली म्हणजे बुळबुळीत स्राव. भेंडी चिरताना सुरीला तार लागते, तसाच हा प्रकार. त्यातल्या बहुशर्करा (साखरेच्या लांब साखळ्या) अल्कोहोलमध्ये डीएनएसारख्याच खाली बसतात आणि पुढच्या एन्झाइमांचं काम अडवतात. दुसरी, दंशपेशी. त्यांच्या कुप्या कोलॅजनसारख्या चिवट प्रथिनाच्या असतात, सहजी विरघळत नाहीत. तिसरी, पोटातल्या पडद्यांमधले पाचक रस. प्राणी मरायला लागला की हेच रस त्याचा डीएनए तोडायला घेतात. चौथी गोष्ट शैवाल. ते एक संपूर्ण वेगळं जीनोम, म्हणजे स्वतःचा सगळा डीएनए, घेऊन बसलेलं असतं. प्रवाळात याच्या जोडीला चुन्याचा सांगाडा येतो.

शिवाय समुद्रफूल म्हणजे बरंचसं पाणीच. पन्नास मिलीग्रॅम माशाच्या स्नायूतून जेवढा डीएनए मिळतो तेवढ्याची अपेक्षा इथे ठेवू नका.

२. मला डीएनए हवा की आरएनए? दोन्ही एकाच तुकड्यातून काढता येतील का?

जीनोम जुळवायचं (तुकड्यांतून अख्खं उभं करायचं) असेल, जाती ओळखायच्या असतील, दोन किनाऱ्यांवरच्या समूहांतलं नातं शोधायचं असेल, तर डीएनए. उष्णतेत कोणती जनुकं चालू होतात हे पाहायचं असेल, किंवा जुळवलेल्या जीनोमवर जनुकांच्या जागा ठरवायच्या असतील, तर आरएनए.

एकाच तुकड्यातून दोन्ही काढायचे किट मिळतात, पण मी ते टाळते. आरएनएला वेग लागतो आणि लांब डीएनएला संथ, हलका हात लागतो. एकाच नळीत दोघांचं समाधान होत नाही. एकाच प्राण्याचे दोन तुकडे करा, गोळा करतानाच दोन वेगळ्या नळ्यांत ठेवा आणि दोन्हींवर एकच क्रमांक लिहा.

३. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलायलाही परवानगी लागते का?

हो. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. मेलेला तुकडाही त्यात येतो. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथे तर पाण्यात उतरण्याआधीच वनविभागाशी बोलून घ्या. आणि हा प्रश्न फक्त मालवणचा नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवावे लागले होते.

बहुतेक समुद्रफुलं या अनुसूचीत नाहीत, पण अभयारण्याच्या हद्दीत नियम सगळ्यांनाच लागू. नमुना किंवा काढलेला डीएनए देशाबाहेर पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आहे. दगडी प्रवाळांना त्याशिवाय साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रंही लागतात. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) आता देशातच चांगलं होतं, त्यामुळे पहिल्या प्रकल्पात नमुना बाहेर पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. कागदपत्रांना महिने जातात. अर्ज आधी करा, उधाणाच्या ओहोटीचं पंचांग नंतर पाहा.

४. नमुना खडकावरून प्रयोगशाळेपर्यंत कशात आणायचा?

आरएनएसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे जागीच द्रव नायट्रोजन. ते सोबत नेता येत नसेल तर आरएनएलेटर, म्हणजे आरएनए टिकवणारं तयार द्रावण. डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या वरचा इथेनॉल चालतो, किंवा मिठाने संपृक्त केलेलं डीएमएसओ आणि ईडीटीएचं द्रावण. फॉर्मेलिन कधीच नको.

आता नेहमी होणारी चूक सांगते. समुद्रफुलाला हात लागला की ते आवळून सुपारीएवढं होतं आणि पोटात समुद्राचं पाणी कोंडून ठेवतं. तसंच ते आरएनएलेटरमध्ये टाकलं तर बाहेरून द्रावणात बुडालेलं दिसतं, आत मात्र खारं पाणी आणि पाचक रस. त्यामुळे प्राणी उभा चिरायचा, पाणी टिपकागदाने टिपायचं, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ तुकडे करायचे आणि मगच पाच ते दहापट द्रावणात टाकायचे. रात्रभर ४ डिग्रीला मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी उणे ८० ला ठेवायचं. लगेच उणे ८० ला टाकलं तर द्रावण आत शिरायच्या आधीच गोठतं. इथेनॉललाही हाच न्याय: प्राण्यातलं पाणी सुटून तो पातळ होतो, म्हणून चोवीस तासांनी तो ओतून ताजा भरा.

घरच्या किंवा हॉटेलच्या फ्रिजरमध्ये 'तात्पुरतं' ठेवू नका. हळू गोठताना पेशी फुटतात आणि वितळताना पाचक रस मोकळे होतात. असा नमुना दिसायला ताजा असतो, जेलवर मात्र पट्ट्याऐवजी नुसता धूर, म्हणजे डीएनए तुकडे-तुकडे झालेला.

५. कोणता भाग घ्यावा? अख्खा प्राणी टाकला तर चालेल का?

छोटा प्राणी असेल तर कधी कधी अख्खा टाकावाच लागतो. पण पर्याय असेल तर डीएनएसाठी पायाच्या तळव्याकडचा, शरीरभिंतीचा भाग घ्या. त्यात दंशपेशी आणि शैवाल टेंटॅकलच्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या शुंडकांच्या, मानाने कमी असतात. पोटाचा भाग टाळा, कारण तिथे पाचक रस असतात आणि काल खाल्लेली कोळंबीही. मत्स्यालयात ठेवणं शक्य असेल तर गाळलेल्या समुद्रपाण्यात दोन-तीन दिवस उपाशी ठेवून मग कापा.

डीएनएसाठी कापण्याआधी मॅग्नेशियम क्लोराइडने प्राणी सैल करून घेता येतो. आरएनएसाठी हे करू नका. सैल होण्याच्या अर्ध्या तासात जनुकांचा सगळा पट बदलतो आणि तुम्ही औषधाचा परिणाम मोजत बसता.

६. प्रवाळाच्या सांगाड्याचं काय करायचं?

तीन वाटा आहेत. एक, हवेच्या किंवा पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ऊती सांगाड्यावरून उडवून घ्यायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत तुकडा धरून एअरब्रश मारला की तपकिरी पाणी जमतं आणि पांढरा सांगाडा हातात राहतो. डीएनएसाठी ही वाट छान. दोन, द्रव नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात सांगाड्यासकट कुटायचं. आरएनएसाठी हेच बरं, कारण पेशींना सावध व्हायला वेळ मिळत नाही. तीन, इथेनॉलमधला नमुना ८ पीएचच्या अर्ध्या मोलर ईडीटीएमध्ये ४ डिग्रीला ठेवून चुना विरघळू द्यायचा. कॅल्शियम धरताना द्रावणाची आम्लता वाढते, म्हणून पीएच तपासत, द्रावण बदलत राहायचं. आम्लाने सांगाडा विरघळवण्याचा मोह होतो, पण त्यात डीएनएही तुटतो.

कुटताना खोल जाऊ नका. बऱ्याच प्रवाळांत ऊतींच्या थोडं खाली सांगाड्यात हिरवा पट्टा दिसतो. ते ऑस्ट्रिओबियम, चुन्यात भोकं पाडून राहणारं वेगळंच शैवाल. पट्टा खलबत्त्यात आला की तुमच्या निकालांत एक पाहुणा वाढला म्हणून समजा.

७. किट वापरू की सीटॅब?

बारकोडिंगसाठी (एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी) थोडासा डीएनए हवा असेल तर किट पुरतो. जीनोमसाठी मी सीटॅब या साबणासारख्या रसायनाचं द्रावणच वापरते. ही पद्धत वनस्पतींवाल्यांची, पण बहुशर्करांची डोकेदुखी दोघांना सारखीच.

द्रावण असं: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलीमोलर ट्रिस ८ पीएचचं, २० मिलीमोलर ईडीटीए, आणि ऐन वेळी ०.२ टक्के बीटा-मरकॅप्टोइथेनॉल, फ्यूम हूडमध्येच. ऊतींचा वाटाण्याएवढा तुकडा ७०० मायक्रोलिटर द्रावणात, सोबत २० मिलीग्रॅम प्रति मिली ताकदीचं प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) २० मायक्रोलिटर. ५५ ते ६० डिग्रीला दोन-तीन तास. मधूनमधून नळी हलकेच उलटी करायची. व्होर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) नाही.

मग आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) देऊन ३७ डिग्रीला अर्धा तास. त्यानंतर तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १ या प्रमाणात, आणि दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरी साय धरते. वरचं पाणी घेताना सायीला पिपेटचं टोक लावू नका, शेवटचे पन्नास मायक्रोलिटर सोडून द्या. साय धरणं थांबेपर्यंत क्लोरोफॉर्म पुन्हा पुन्हा द्या. समुद्रफुलाला सहसा दोनदा, चिकट प्राण्यांना तीनदा. शेवटी घेतलेल्या पाण्याच्या दोन-तृतीयांश आयसोप्रोपेनॉल, खोलीच्या तापमानाला. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा आणि १० मिलीमोलर ट्रिसमध्ये विरघळवा.

दोन गोष्टी विसरू नका. सीटॅबची नळी बर्फावर ठेवली की सीटॅबच खाली बसतो. आणि मिठाचं प्रमाण ०.७ मोलरच्या खाली गेलं की सीटॅब डीएनएलाच धरून बसतो. त्यामुळे "थोडं पातळ करून पाहू" म्हणून मध्येच पाणी घालू नका.

८. शेवटी नळीत काचेसारखा, जेलीसारखा गोळा आला. पाण्यात टाकला तर नुसता फुगतोय.

तो बहुतांशी डीएनए नाही, स्राव आहे. डीएनएचा गोळा पांढरट, धाग्यांचा असतो आणि ट्रिसमध्ये हळूहळू नाहीसा होतो. जेली फुगते आणि तशीच राहते. टाकून देऊ नका. १.४ मोलर मिठाच्या द्रावणात ५० डिग्रीला पुन्हा विरघळवा, एकदा क्लोरोफॉर्म द्या, जोरात फिरवून खालची जेली मागे सोडा आणि पुन्हा आयसोप्रोपेनॉल.

गोळा तपकिरी असेल तर शैवालाचे रंग आणि काळी पडलेली फिनॉलवर्गी द्रव्यं. पुढच्या वेळी सीटॅबमध्ये ही द्रव्यं धरून ठेवणारं पीव्हीपी घाला. नळी उघडल्यावर उग्र वास येत असेल तर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल नीट धुतलं गेलेलं नाही.

९. नॅनोड्रॉप ८०० दाखवतो आणि क्युबिट ६०. कुणावर विश्वास ठेवू?

दोन्ही डीएनए मोजायची यंत्रं. प्रमाणासाठी क्युबिटवर. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषणारं सगळंच मोजतो: आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, उरलेलं फिनॉल. क्युबिट फक्त दुपदरी डीएनए मोजतो. नॅनोड्रॉप मात्र शुद्धतेसाठी पाहायचाच. डीएनएला २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, आरएनएला २.० च्या आसपास, आणि २६०/२३० दोनच्या वर हवं. आपल्या प्राण्यांत २६०/२३० घसरलं की बहुतेक वेळा स्राव किंवा किट-ट्रायझॉलमधलं ग्वानिडिन राहिलेलं असतं.

इथे ८०० आणि ६० चा फरक म्हणजे आधी आरएनएज दिलं का ते आठवा.

१०. रीड्समध्ये (सिक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांत) निम्मं शैवाल निघालं. ते आधीच वेगळं कसं करायचं?

हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न, कारण पैसे इथे वाया जातात. प्रवाळाच्या एका चौरस सेंटीमीटरला साधारण दहा लाख शैवाल पेशी असतात. ॲक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचं जीनोम सुमारे ४२ कोटी बेसचं (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), शैवालाचं शंभर कोटींच्या वर. समजा तुम्हाला ४० कोटी बेसच्या प्राण्याचं ५० पट वाचन हवंय, म्हणजे २००० कोटी बेस. रीड्सपैकी ४० टक्केच प्राण्याचे असतील तर ५००० कोटी विकत घ्यावे लागतात.

उत्तम उपाय म्हणजे शैवाल नसलेली अवस्था शोधणं. ॲक्रोपोराच्या शुक्रपेशींत शैवाल नसतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲक्रोपोरा डिजिटिफेराच्या जीनोमसाठी शुक्रपेशींचाच डीएनए वापरला होता. प्रवाळ वर्षातून मोजक्या रात्रीच बीज सोडतात, त्यामुळे हे नशिबावर अवलंबून. एक्झायप्टेशियासारखी समुद्रफुलं अंधारात ठेवून किंवा मेंथॉल देऊन शैवालमुक्त करता येतात, पण त्याला आठवडे लागतात. नेमॅटोस्टेला हे समुद्रफूल तर मुळातच शैवाल बाळगत नाही. २००७ मध्ये समुद्रफुलं-प्रवाळांच्या संघातलं पहिलं जीनोम त्याचं आलं, त्यामागे हीही सोय होती.

यातलं काहीच जमत नसेल तर शैवालाच्या जाड भिंतीचा फायदा घ्या. ऊती थंड बफरमध्ये हलकेच विस्कटा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० ते ८०० जी वर (गुरुत्वाच्या तितक्या पटीने) पाच मिनिटं फिरवा. शैवाल तळाशी तपकिरी ठिपक्यासारखं बसतं, प्राण्याचा भाग वर राहतो. दोन-तीनदा करा, दर वेळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्यानंतर विघटन करताना काचेचे मणी वापरू नका, कारण मण्यांनीच शैवालाच्या भिंती फुटतात. शैवालाचंच जीनोम हवं असेल तर याच्या अगदी उलट: तळाचा ठिपका ठेवा, मणी वापरा.

उरलेलं संगणकावर वेगळं होतं. डायनोफ्लॅजेलेट शैवालाच्या डीएनएत थायमिनच्या काही जागी हायड्रॉक्सिमिथिलयुरॅसिल असतं. नॅनोपोर या सिक्वेन्सिंग यंत्रावर हे बदललेले बेस कधी कधी वाचन बिघडवतात, हे लक्षात असू द्या.

११. आरएनए काढताना नेमकं कुठे बिघडतं?

सांगाड्याच्या भुकटीत. आरएनए काढायचं द्रावण, म्हणजे ट्रायझॉल, आम्लधर्मी असतं आणि त्याच आम्लामुळे डीएनए वरच्या थरात येत नाही. चुना हे आम्ल खातो. म्हणून भुकटीला ट्रायझॉल सढळ हाताने द्या, आणि क्लोरोफॉर्म घालण्याआधी ४ डिग्रीला १२,००० जी वर दहा मिनिटं फिरवून सगळी कच खाली बसवा. वरचं ट्रायझॉल नव्या नळीत घेऊन मगच दर मिलीला ०.२ मिली क्लोरोफॉर्म. आरएनएलेटरमधला तुकडा असेल तर तो आधी टिपकागदावर कोरडा करा.

अवक्षेप करताना आयसोप्रोपेनॉल निम्मं घ्या आणि निम्मं ०.८ मोलर सोडियम सायट्रेट व १.२ मोलर मिठाचं द्रावण. आरएनए खाली बसतो, बहुशर्करा वर तरंगत राहतात. तरीही चिकट वाटलं तर २.५ मोलर लिथियम क्लोराइडने पुन्हा एकदा. शेवटी डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम). ही पायरी कुणी गाळली तर मी त्यांचा निकाल वाचत नाही.

तुलनात्मक प्रयोग असेल तर सगळे नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्या. प्रवाळांची जनुकं दिवस-रात्रीच्या तालावर चालतात. आणि ट्रायझॉलच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो.

१२. कंपनी म्हणते आरआयएन ५.५ आहे, नमुना परत पाठवा. खरंच खराब आहे का?

आरआयएन म्हणजे आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० मधला आकडा. आलेख मागवा, नुसता आकडा नको. शैवाल असलेल्या प्राण्यात दोन जिवांचे १८एस आणि २८एस (रायबोसोमचे आरएनए) एकावर एक येतात, आणि हरितलवकांचे १६एस व २३एस वेगळे उभे राहतात. सॉफ्टवेअर या जादा शिखरांना तुटका आरएनए समजतं. शिखरं टोकदार आणि खालची रेघ सपाट असेल तर आरएनए चांगला आहे. कंपनीला तसं लेखी कळवा. सगळं डावीकडे झुकून टेकडी झाली असेल तर मात्र खराबच, आणि कारण बहुधा प्रश्न ४ मध्ये सापडेल.

पॉली-ए निवडीने (फक्त 'ए' अक्षरांचं शेपूट असलेले आरएनए वेचून) शैवाल जाईल असं काहींना वाटतं. जात नाही. शैवालाच्या संदेशवाहक आरएनएलाही शेपूट असतं. बॅक्टेरिया तेवढे कमी होतात.

१३. लाँग रीडसाठी (लांब तुकडे सलग वाचण्यासाठी) वेगळं काही?

ताजा किंवा नायट्रोजनमध्ये गोठवलेला नमुना, पिपेटची रुंद तोंडाची टोकं आणि संयम. सीटॅबचीच वाट (प्रश्न ७), पण दोन-तीनदा स्वच्छता. नॅनोपोरमध्ये स्राव राहिला तर छिद्रं तासाभरात बंद पडायला लागतात, हे डोळ्यांदेखत पाहणं फार क्लेशाचं असतं. आखूड तुकडे काढून टाकण्याची पायरी घ्या आणि विरघळलेला डीएनए दोन दिवस खोलीच्या तापमानाला शांत राहू द्या.

१४. आमच्या खडकांवर गालिच्यासारखे झोअँथिड (समुद्रफुलांचे वसाहतीने राहणारे नातलग) आहेत. त्यांनाही हीच पद्धत?

पद्धत हीच, काळजी वेगळी. पॅलिथोआ वंशातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. १९७१ मध्ये ते हवाईच्या पॅलिथोआतूनच वेगळं केलं गेलं, आणि ते पेशींच्या सोडियम-पोटॅशियम पंपालाच उघडं छिद्र बनवतं. दुहेरी हातमोजे, चष्मा, हातावर जखम असेल तर काम दुसऱ्याला. उकळू नका, वाफ येऊ देऊ नका, कोरडा कुटू नका. भांडी ब्लीचमध्ये बुडवा, पण त्या भांड्यांत ट्रायझॉल नव्हतं याची खात्री करून (प्रश्न ११). पॅलिथोआ वाळू अंगात भरून ठेवतो, त्यामुळे त्याची कचही आधी बसवावी लागते.

१५. पांढरं पडलेलं प्रवाळ घेतलं तर शैवालाची कटकट संपेल ना?

कमी होईल, संपणार नाही. पांढऱ्या दिसणाऱ्या प्रवाळातही थोडं शैवाल उरतंच. ऊती मात्र पातळ झालेल्या असतात, बॅक्टेरिया वाढलेले असतात, आणि आरएनएत ताणाच्या जनुकांचाच गलका. केवळ सोयीसाठी आजारी प्राणी निवडू नका. अभ्यासच ब्लीचिंगचा, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याचा, असेल तर त्याच वसाहतीचा निरोगी तुकडाही घ्या.

१६. सीओआय (मायटोकाँड्रियातलं एक जनुक) बारकोड दोन उघड वेगळ्या जातींत तंतोतंत सारखा आला. नमुने मिसळले का?

बहुधा नाही. प्रवाळ आणि समुद्रफुलांचा मायटोकाँड्रियल डीएनए फार संथ बदलतो, त्यामुळे माशांत चालणारा बारकोड इथे वंशापर्यंत पोचवतो आणि थांबतो. पीसीआरचा (डीएनएचा ठराविक तुकडा वाढवण्याच्या प्रक्रियेचा) पट्टा अपेक्षेपेक्षा लांब आला तर घाबरू नका. मेट्रिडियमसारख्या समुद्रफुलांच्या सीओआयमध्ये इंट्रॉन, म्हणजे जनुकात मध्येच घुसलेला जादा तुकडा, सापडलेला आहे. जातीपर्यंत जायचं तर केंद्रकातली अनेक ठिकाणं लागतात. ऑक्टोकोरलमध्ये (आठ शुंडकांच्या, बहुधा मऊ प्रवाळांत) म्यूटएस हे जनुक जास्त उपयोगी. आणि शैवालाची ओळख हवी असेल तर आयटीएस-२ हा डीएनएचा तुकडा.

१७. महाविद्यालयाच्या कपाटात १९८० च्या दशकातल्या बाटल्या आहेत. त्यातून काही निघेल का?

बाटलीत इथेनॉल असेल तर प्रयत्न करा, आखूड तुकडे मिळतील. फॉर्मेलिनचा वास आला तर निघणारा थोडा डीएनएही एकमेकांत जखडलेला असतो. बऱ्याच बाटल्या आधी फॉर्मेलिनमध्ये ठेवून मग इथेनॉलमध्ये हलवलेल्या असतात आणि चिठ्ठीवर फक्त दुसरंच लिहिलेलं असतं. कोरडा ठेवलेला प्रवाळाचा सांगाडा वरून निरुपयोगी वाटतो, पण प्राणी बसतो त्या कपातल्या भेगांत ऊतींचा पापुद्रा राहिलेला असू शकतो. तो ईडीटीएने सोडवा (प्रश्न ६). ज्या टेबलावर पीसीआर होतं तिथे या बाटल्या उघडू नका, आणि प्रत्येक तुकडीसोबत एक नळी नमुन्याविना, फक्त द्रावणांची चालवा. त्या नळीत पट्टा आला तर बाटलीतल्या 'निकाला'लाही काही अर्थ नाही.